खोळंब्याची वही : रेंडरिंग आणि खेळ यांसाठी जुळवलेल्या एका संगणकाचा प्रकरण अभ्यास

२०२४ च्या जुलै महिन्यात माझ्या भाचीने मला संगणकाच्या सुट्या भागांची एक यादी पाठवली आणि तिच्याखाली एकच ओळ लिहिली : "मामा, एकदा नजर टाक, पुढच्या आठवड्यात मागवते." ती घरांच्या अंतर्गत सजावटीची त्रिमित चित्रे करून देते. दिवसभर ब्लेंडर या त्रिमित चित्रांच्या प्रणालीत दिवाणखाने, स्वयंपाकघरे आणि जिने उभे करायचे, त्यांवर प्रकाश आणि पोत (पृष्ठभागाचे रंगरूप दाखवणारी चित्रे) चढवायचे, रेंडर करून, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र तयार करवून घेऊन, ते संध्याकाळी ग्राहकाला पाठवायचे आणि रात्री त्याच यंत्रावर दोन तास खेळायचे, असा तिचा क्रम आहे. सहा कोअरचा (म्हणजे सहा स्वतंत्र गणनाघटकांचा) रायझेन ५ ३६०० हा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ६ जीबी स्मृतीचे जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड असलेला तिचा जुना संगणक या दोन्ही कामांना अपुरा पडू लागला होता.

यादी अभ्यास करून केलेली होती, हे आधीच सांगतो. रायझेन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर, १२ जीबीचे आरटीएक्स ४०७० सुपर हे ग्राफिक्स कार्ड, एक्स६७०ई या वरच्या श्रेणीच्या चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन रॅम-स्टिक आणि त्यांपुढे "नंतर आणखी दोन टाकू" असा शेरा, पीसीआयई या जोडमार्गाच्या पाचव्या पिढीचा (जेन ५) एसएसडी, तीन पंख्यांचा लिक्विड कूलर, १००० वॅटचा पॉवर सप्लाय आणि समोरून काच असलेले कॅबिनेट. एकेक भाग सुटा पाहिला तर त्यात नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. पण ही यादी खेळांच्या चाचण्यांचे आलेख पाहून, प्रत्येक आलेखातली वरची ओळ उचलून तयार झालेली होती. तिच्या दिवसातले आठ तास ज्या कामात जातात, त्याचा त्या आलेखांशी फारसा संबंध नव्हता. ती यादी का आणि कशी बदलली, आणि बदलल्यानंतरही आमचे कुठे चुकले, त्याची ही नोंद.

खोळंब्याची वही

मी तिला खरेदी दहा दिवस पुढे ढकलायला सांगितले आणि एक वही करायला लावली. काम करताना किंवा खेळताना अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबावे लागले की वेळ लिहायची, काय करत होतो ते लिहायचे आणि त्या क्षणी टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड यांपैकी कोणाचा आकडा छताला टेकला आहे ते टिपायचे. सुरुवातीला तिने हे माझ्या समाधानासाठी केले असावे; तिसऱ्या दिवसापासून मात्र नोंदी सविस्तर होऊ लागल्या. त्यातली एक जशीच्या तशी देतो : "दु. ३.१०. सोफ्याचे कापड बदलले. चित्र परत यायला ४ मिनिटे. प्रोसेसर ३० टक्के, रॅम ९६, डिस्क १००." या एका ओळीत अर्धे निदान आहे. प्रोसेसर निवांत आहे, म्हणजे तो नवा आणून या चार मिनिटांतले काहीच कमी होणार नाही. रॅम भरल्यामुळे विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आहे आणि पुन्हा उचलून आणते आहे, आणि सगळा वेळ त्या ने-आणीत जातो आहे.

दहा दिवसांत ४७ नोंदी झाल्या. त्यांतल्या १९ रॅम भरल्याच्या होत्या. १६ अंतिम रेंडरची वाट पाहण्याच्या होत्या आणि त्या सगळ्यांत रेंडर प्रोसेसरवर चालले होते, कारण दृश्य ६ जीबीच्या कार्डात मावतच नव्हते. ७ नोंदी फायली उघडण्याच्या किंवा एकीकडून दुसरीकडे नेण्याच्या होत्या. ज्या ठिकाणी केवळ प्रोसेसरची गती आडवी आली, अशा नोंदी उरल्या ५, आणि त्याही बहुतेक एकाच कोअरवर चालणाऱ्या कामाच्या होत्या : जाळीचे बारीक उपविभाजन, वक्राकार कठड्याचा आकार बदलणे वगैरे. खेळाबद्दल वहीत वेगळे पान होते आणि त्यावर एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेली होती : मोठ्या मोकळ्या जगाच्या खेळात पोत धूसर दिसतात आणि वळताना चित्र अडखळते. ग्राफिक्स कार्डाची स्मृती तेव्हा काठोकाठ भरलेली असे.

"कोणता भाग कोणाला अडवेल" याची टक्केवारी सांगणारी गणकयंत्रे जागोजागी आढळतात. माझे त्यांच्याबद्दलचे मत चांगले नाही. अडथळा हा दोन भागांच्या जोडीचा गुण नसतो. तो त्या क्षणी चाललेल्या कामाचा असतो. त्याच संगणकावर सकाळी रॅम अडवते, दुपारी कार्ड अडवते आणि रात्री मॉनिटर.

कार्डाची स्मृती : या प्रकरणाचा गाभा

वही वाचल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो असा की दृश्याला कार्डावर नेमकी किती जागा लागते. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर-इंजिनात रेंडर चालू असताना स्मृतीचा सर्वोच्च आकडा दिसतो. तिचे सर्वांत जड दृश्य, एक दुमजली दिवाणखाना, आम्ही जुन्या यंत्रावर प्रोसेसरने रेंडर केले. आकडा आला १३.६ जीबी, आणि वेळ लागला ३८ मिनिटे. प्रोसेसरवर आणि कार्डावर हा आकडा तंतोतंत सारखा येत नाही, पण अंदाजासाठी तो पुरेसा असतो.

एवढी जागा जाते कुठे? बहुतांश पोतांत. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचे एक पोतचित्र डिस्कवर जेपीजी म्हणून चार-पाच एमबीचे असते, पण रेंडर करताना ते उलगडून ठेवावे लागते. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर ते ६४ एमबी होते. एकाच लाकडी फरशीला रंग, खरखरीतपणा, उठाव असे तीन-चार नकाशे लागतात. पोत ८१९२ पिक्सेलचे घेतले तर हाच आकडा चौपट होऊन एका चित्राला २५६ एमबी लागतात. तिच्या दृश्यात खोलीच्या पार मागच्या कोपऱ्यातल्या गालिच्यालाही ८१९२ पिक्सेलचे पोत लावलेले होते, आणि अंतिम चित्रात तो गालिचा माझ्या अंगठ्याएवढा दिसत होता. असे पोत आम्ही लहान केले. एक तास गेला, खर्च शून्य झाला, आणि १३.६ चा आकडा १०.९ जीबीवर आला. भाग निवडण्याच्या चर्चेत ही पायरी सहसा कोणी घेत नाही. माझ्या मते ती पहिली असायला हवी, कारण तिच्यानंतर जो आकडा उरतो तोच खरी गरज सांगतो.

आता १०.९ जीबी आणि १२ जीबीचे कार्ड. कागदावर हे मावते. परंतु विंडोजचा पडदा, ब्राउझर, ब्लेंडरचे स्वतःचे काम करायचे दृश्य आणि शेजारी उघडलेले चित्रसंपादन यांनाही कार्डाच्या स्मृतीतलाच वाटा लागतो, आणि तो एक-दीड जीबीपर्यंत सहज जातो. म्हणजे १२ जीबीचे कार्ड पहिल्याच दिवशी उंबरठ्यावर उभे राहणार होते. स्मृती अपुरी पडली की कार्ड थोडेसे मंदावते असेही नाही : एक तर रेंडर स्मृती संपल्याचा संदेश देऊन थांबते, किंवा उरलेला मजकूर मुख्य रॅममध्ये ठेवून पीसीआयईच्या वाटेने आणावा लागतो. आरटीएक्स ४०७० सुपरची स्वतःची स्मृती सेकंदाला ५०४ जीबी मजकूर पुरवू शकते, पीसीआयई ४.० च्या सोळा लेनच्या स्लॉटमधून एका दिशेने जेमतेम ३२ जीबी येतात. या दोन आकड्यांतली दरी हेच त्या खोळंब्याचे कारण.

पर्याय तीन उरले. १६ जीबीचे आरटीएक्स ४०६० टीआय हे सर्वांत स्वस्त होते, पण त्याचा स्मृतिमार्ग १२८ बिटांचा आणि वेग सेकंदाला २८८ जीबी. जागा मोठी असली तरी दार अरुंद होते, आणि १४४०पी (२५६० गुणिले १४४० पिक्सेलच्या) पडद्यावर खेळताना ते जाणवले असते. एएमडीचे १६ जीबीचे आरएक्स ७८०० एक्सटी खेळांसाठी त्या वर्षीच्या चांगल्या खरेदींपैकी एक होते आणि भाची केवळ खेळणारी असती तर मी तेच सुचवले असते. पण सायकल्समध्ये एनव्हिडियाच्या कार्डांना ऑप्टिक्स या त्यांच्या प्रणालीच्या मार्गे प्रकाशकिरणांचे गणित करणाऱ्या खास कोअरचा जो फायदा मिळतो, त्याच्या जवळपास एएमडीचा हिप हा मार्ग त्या वेळी पोहोचलेला नव्हता. उरले आरटीएक्स ४०७० टीआय सुपर : १६ जीबी, २५६ बिट, सेकंदाला ६७२ जीबी, आणि विजेची मर्यादा २८५ वॅट. ते यादीतल्या कार्डापेक्षा बरेच महाग होते. तो फरक कुठून भरून काढायचा, हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर यादीतच दडलेले होते.

प्रोसेसर एक पायरी खाली

७८००एक्स३डी हा आठ कोअरचा प्रोसेसर आहे आणि त्याची ख्याती त्याच्या ९६ एमबी तिसऱ्या स्तराच्या कॅशेमुळे, म्हणजे प्रोसेसरमधल्याच वेगवान साठ्यामुळे, आहे. ज्या खेळांत प्रोसेसरला विखुरलेला मजकूर सारखा वाचावा लागतो, त्यांत ही कॅशे फार उपयोगी पडते. मात्र प्रोसेसरांच्या चाचण्या मुद्दाम कमी रिझोल्यूशनवर आणि बाजारातल्या सर्वांत वेगवान कार्डासोबत घेतल्या जातात, म्हणजे कार्ड आड न येता प्रोसेसरांमधला फरक दिसावा. चाचणीची ती पद्धत योग्यच आहे. चूक होते ती तो आलेख आपल्या टेबलावरच्या १४४०पी मॉनिटरला आणि मधल्या श्रेणीच्या कार्डाला तसाच लागू करण्यात. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६.९ लाख. पिक्सेल वाढले की भार कार्डावर सरकतो आणि प्रोसेसर पुष्कळदा वाट पाहत बसतो. भाचीला ज्या प्रकारचे खेळ आवडतात त्यांत तर हे ठळकपणे होते. ती शेकडो गाड्या आणि कारखाने सांभाळण्याचे खेळ खेळत असती, तर मी इतक्या सहज खाली उतरलो नसतो.

रायझेन ७ ७७०० हाही आठ कोअरचाच. कॅशे ३२ एमबी, म्हणजे एक तृतीयांश. पण त्याची कमाल गती ५.३ गिगाहर्ट्झ आहे आणि ७८००एक्स३डीची ५.० गिगाहर्ट्झ. वहीतल्या त्या पाच नोंदी, ज्या एका कोअरच्या गतीवर अडल्या होत्या, त्यांना कॅशेपेक्षा ही गती जास्त उपयोगाची होती. शिवाय हा ६५ वॅट श्रेणीचा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटच्या आत राहतो, त्यामुळे लिक्विड कूलरची गरज संपली. दोन मनोऱ्यांचा, १५८ मिमी उंचीचा साधा हवेचा कूलर पुरला. प्रोसेसरसोबत खोक्यात येणारा कूलरही चालला असता, पण भाचीची बसायची जागा कॅबिनेटपासून हातभर अंतरावर आहे आणि लहान पंख्याची चढउतार करणारी घरघर ही दिवसभराच्या कामात फार त्रासदायक गोष्ट आहे.

इंटेलच्या कोअर आय७-१४७००के या वीस कोअरच्या प्रोसेसरचाही विचार झाला. रेंडर प्रोसेसरवर करायचे असते तर त्याचे पारडे जड होते. पण त्याच जुलैत इंटेलने तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अस्थिरतेचे कारण प्रमाणाबाहेर जाणारे व्होल्टेज असल्याचे सांगितले होते, त्यावरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची दुरुस्ती) ऑगस्टमध्ये यायचा होता, आणि ज्या प्रोसेसरांना आधीच इजा झाली आहे ते त्याने दुरुस्त होणार नव्हते. उत्पन्न मिळवून देणाऱ्या यंत्रात अशा काळात तो प्रोसेसर घालणे मला पटले नाही. शिवाय त्याच्या सॉकेटवर (बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेवर) पुढची पिढी येणार नव्हती. एएमडीने मात्र एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देण्याचे त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर केले होते. म्हणून आज एक पायरी खाली उतरणे हा कायमचा निर्णय ठरत नव्हता. पुढे कधी वाटलेच तर त्याच बोर्डावर मोठ्या कॅशेचा प्रोसेसर बसवता येणार होता.

जुन्याच यंत्रात भर घालावी, हा मार्गही तपासून पाहिला. त्याच्या एएम४ सॉकेटवर बायॉस (बोर्डाची मूळ प्रणाली) अद्ययावत करून ५७००एक्स३डी हा प्रोसेसर बसला असता, रॅम ३२ जीबी झाली असती. पण बोर्डाला रॅमचे दोनच स्लॉट, पॉवर सप्लाय ४५० वॅटचा आणि कॅबिनेट अरुंद. एकेक अडचण सोडवत गेल्यावर जुने म्हणून फक्त बोर्ड आणि हार्ड डिस्क उरत होती. त्याऐवजी हार्ड डिस्क तेवढी काढून घेऊन तो संगणक जसाच्या तसा धाकट्या भावाच्या अभ्यासासाठी ठेवायचे ठरले.

रॅम

वहीतल्या सर्वाधिक नोंदी रॅमच्या होत्या, पण निर्णय मात्र लवकर झाला : ६४ जीबी. यादीतल्या "नंतर आणखी दोन टाकू" या शेऱ्यावर मात्र आमचा बराच वाद झाला. बोर्डावर चार स्लॉट आहेत, दोन रिकामे राहतील, मग ते पुढे भरावेत, हे ऐकायला सरळ वाटते. डीडीआर४ या मागच्या पिढीच्या रॅमच्या काळात ते बऱ्याच अंशी खरेही होते. नव्या पिढीच्या डीडीआर५ वर चार स्टिक लावल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो आणि गती खाली आणावी लागते. रायझेन ७००० मालिकेसाठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन स्टिकना सेकंदाला ५२०० मेगाट्रान्सफर आहे आणि चार स्टिकना ३६००. त्याहून जास्त गती चार स्टिकवर अनेकांना मिळते, अनेकांना मिळत नाही, आणि ज्यांना मिळते त्यांनाही कधीतरी रात्रीच्या रेंडरमध्ये यंत्र अचानक बंद पडल्याचे दुःख भोगावे लागते. म्हणून ३२ जीबीच्या दोन स्टिक एकाच पाकिटातून आलेल्या घेतल्या, ६००० गतीच्या आणि सीएल३० च्या.

हा सीएलचा आकडा पाहून भाची म्हणाली, "जुन्या रॅमला तर सीएल१६ होता, मग ही मंद नाही का?" शंका रास्त होती. सीएल म्हणजे घड्याळाचे ठोके आणि ठोक्याची लांबी गतीप्रमाणे बदलते. ६००० च्या रॅमचे घड्याळ सेकंदाला ३०० कोटी ठोके देते, म्हणून ३० ठोक्यांना १० नॅनोसेकंद लागतात. तिच्या जुन्या ३२०० च्या रॅमचे १६ ठोकेही १० नॅनोसेकंदांचेच. पहिला मजकूर हाती यायला लागणारा वेळ तोच राहिला, त्यामागून येणारा ओघ जवळपास दुप्पट झाला.

बोर्ड, एसएसडी, वीज आणि कॅबिनेट

बोर्डावर मी फार वेळ घालवला नाही. ८८ वॅटच्या प्रोसेसरला एक्स६७०ई ची काहीच गरज नव्हती. बी६५० या साध्या चिपसेटचा पूर्ण आकाराचा, एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट असलेला आणि प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायॉस चढवता येईल असे बटण असलेला बोर्ड घेतला. एसएसडी जेन ५ ऐवजी जेन ४ चा, दोन टीबीचा, टीएलसी प्रकारचा (प्रत्येक पेशीत तीन बिट साठवणारा). क्यूएलसी प्रकारचे (पेशीत चार बिटांचे) एसएसडी स्वस्त पडतात, पण त्यांची वेगवान तात्पुरती जागा भरली की सलग लिहिण्याचा वेग कोसळतो, आणि तिची प्रकल्प-फोल्डरे एकेक वेळी शंभर जीबीची असतात. जेन ५ चा फायदा प्रचंड फायली सलग वाचण्यात आहे. हजारो लहान पोत उघडताना तो कुठे दिसतही नाही.

पॉवर सप्लायचा हिशोब कागदावर केला. प्रोसेसर ८८, कार्ड २८५, बाकी सर्व मिळून साठेक वॅट, म्हणजे ४३५ च्या आसपास. कार्डाच्या क्षणिक उसळ्यांसाठी जागा ठेवून ७५० वॅट पुरेसे होते. १००० वॅटचा घेतल्याने यंत्र अधिक सुरक्षित होत नाही. तो एटीएक्स ३.० प्रमाणाचा असावा एवढा आग्रह मी धरला, कारण त्या प्रमाणात सूक्ष्मकाळासाठी क्षमतेच्या दुपटीपर्यंतची उसळी सोसण्याची अट आहे. खोक्यावरच्या ८० प्लस गोल्ड या शिक्क्याचा अर्थ मात्र जपून घ्यावा. तो वीज किती वाया जाते एवढेच सांगतो, व्होल्टेज किती स्थिर आहे किंवा संरक्षणाची मंडले किती चांगली आहेत याबद्दल तो काही बोलत नाही.

कॅबिनेटचा निर्णय एका पुठ्ठ्याने झाला. निवडलेले कार्ड ३०५ मिमी लांब आणि ६० मिमी जाड होते. भाचीने वहीच्या मागच्या पुठ्ठ्यांना चिकटपट्टी लावून त्या मापाची पेटी बनवली आणि जुन्या कॅबिनेटमध्ये धरली, तेव्हा ती हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यावर चार बोटे आधीच अडली. नवे कॅबिनेट निवडताना मग लांबीसोबत दुसरेही एक माप पाहिले, जे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. या कार्डांना वीज देणारी सोळा पिनांची जोडणी कार्डाच्या वरच्या कडेला असते आणि तिच्यापासून ३५ मिमीपर्यंत वायर वाकवू नये, असा संकेत आहे. २०२२ मध्ये अशा जोडण्या वितळल्याचे प्रकार घडले आणि पूर्ण न बसलेला प्लग हे त्यामागचे मोठे कारण निघाले. कॅबिनेट अरुंद असेल तर बाजूची काच लावताना ती वायर दाबली जाते आणि प्लग तिरपा होतो. काचेचा दर्शनी भाग असलेले मूळ कॅबिनेट अशा रीतीने दोन्ही बाजूंनी बाद झाले : रुंदी कमी आणि समोरून हवेला वाट नाही. जाळीच्या तोंडाचे, समोर १४० मिमीचे दोन पंखे आणि मागे एक असे साधे कॅबिनेट आले. ते दिसायला सामान्य आहे, हे तिने मला दोनदा ऐकवले.

जोडणीची रात्र

जोडणी एका शनिवारी झाली आणि ती सुरळीत झाली असे म्हणता येणार नाही. जुनी हार्ड डिस्क जोडण्यासाठी भाचीने जुन्या पॉवर सप्लायची सुटी वायर हाती घेतली होती. ती नव्यात अगदी व्यवस्थित बसत होती. मी तिचा हात धरला. मॉड्युलर, म्हणजे पॉवर सप्लायपासून सुट्या होणाऱ्या, वायरचे ड्राइव्हकडचे टोक सर्वत्र सारखे असते, पण पॉवर सप्लायकडच्या टोकाची पिनरचना उत्पादकागणिक बदलते, आणि चुकीच्या पिनेतून आलेले १२ व्होल्ट डिस्क क्षणात जाळून टाकतात. डिस्कवर चार वर्षांचे प्रकल्प होते.

पुढची चूक माझी. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवली, सगळे तपासले, बटण दाबले. पंखे फिरले, बोर्डावर एक पिवळा दिवा लागला आणि पडदा काळा राहिला. दोन मिनिटे वाट पाहून मी वीज तोडली आणि रॅम काढून पुन्हा बसवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बंद करणार, इतक्यात भाची म्हणाली, "मामा, बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलंय, पहिल्या वेळी थांबा म्हणून." डीडीआर५ च्या यंत्रात पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमचे वेळापत्रक स्वतः जुळवून पाहतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि जास्त क्षमतेच्या रॅमला त्यासाठी कित्येक मिनिटे लागू शकतात. मला हे माहीत होते. तरीही काळा पडदा समोर असताना हात बटणाकडे जातोच. तिसऱ्या वेळी आम्ही चहा करायला उठलो आणि परत आलो तेव्हा बायॉसचा पडदा आलेला होता. नंतर एक्स्पो (रॅमची जाहीर गती लागू करणारे सेटिंग) चालू करून रॅम ६००० वर नेली, तेव्हा हे सगळे पुन्हा एकदा झाले, पण तेव्हा कोणी घाबरले नाही.

रात्री साडेअकराला खेळ सुरू केला तर तो जुन्या संगणकापेक्षाही वाईट चालला. मॉनिटरची केबल कार्डात न लावता बोर्डाच्या मागच्या पोर्टमध्ये लावलेली होती. रायझेन ७००० मालिकेच्या बहुतेक प्रोसेसरांत स्वतःचे छोटे ग्राफिक्स असते, त्यामुळे चित्र दिसते आणि कोणाला शंका येत नाही. केबल बदलल्यावरही पडदा ६० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवरच, होता. १६५ हर्ट्झ विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन निवडावे लागले.

काय साधले, काय राहिले

तोच दुमजली दिवाणखाना, पोत लहान केलेला, नव्या कार्डावर ९२ सेकंदांत रेंडर झाला. काम करताना रॅमचा वापर ३० ते ४० जीबींच्या दरम्यान राहू लागला, त्यामुळे मूळ यादीतली ३२ जीबी पहिल्याच महिन्यात भरली असती, हे उघड झाले. खेळताना कार्डाचा वापर ९७ ते ९९ टक्के दिसतो, म्हणजे प्रोसेसर त्याला अडवत नाही. दोन महिन्यांनी तिने वही पुन्हा आठवडाभर ठेवली. नोंदी आठ झाल्या, त्यांतल्या सहा इंटरनेटवरून फायली चढवण्याच्या.

चुका दोन. पहिली, बोर्ड निवडताना मागच्या यूएसबी पोर्टची संख्या मी पाहिलीच नाही. ड्रॉइंग टॅब्लेट, बाह्य ड्राइव्ह, माउस, कीबोर्ड, हेडफोन, कॅमेरा अशी रांग लागल्यावर एक हब विकत घ्यावा लागला, आणि टॅब्लेटची जोडणी त्या हबवर अधूनमधून तुटते. दुसरी, मोठ्या भाराखाली कार्डातून एक बारीक, उंच सूर येतो. ही गुंडाळीची किरकिर कार्डागणिक वेगळी असते आणि आधी ओळखता येत नाही, पण रात्रभर रेंडर लावून त्याच खोलीत झोपायचे आहे, ही गोष्ट आम्ही निवड करताना विचारात घ्यायला हवी होती. त्यावर उपाय म्हणून कार्डाची वीजमर्यादा ७५ टक्क्यांवर आणली. ९२ सेकंदांचे रेंडर ९७ सेकंदांवर गेले, पंखे मंद झाले आणि सूर पुष्कळ कमी झाला. आता ती मर्यादा दिवसाही तशीच असते.

मध्यंतरी तिच्याकडे संपूर्ण इमारतीचे काम आले आणि रॅमचा आकडा ५८ जीबीपर्यंत गेला. "दोन स्लॉट रिकामेच आहेत," असे तिने पुन्हा एकदा सुचवून पाहिले. ते रिकामेच राहतील. गरज पडलीच तर सध्याची जोडी विकून ४८ जीबीच्या दोन स्टिक घ्यायच्या, असे ठरले आहे. तोवर तिने इमारत मजल्यांप्रमाणे वेगवेगळ्या फायलींत तोडली आहे.